मेणबत्त्यांचा खर्च

हेल्वे गेली आणि तिची वही माझ्याकडे आली,
चर्चच्या किल्ल्यांबरोबर,
आणि लोकरीचा एक हातमोजा, डाव्या हाताचा.
उजवा शोधला. सापडला नाही.

मी जकातीत होते, बावीस वर्षं, इक्लाच्या नाक्यावर.
पेटी उघडायला सांगण्याआधी
माणसाचे कान बघायचे.
खोटं बोलणाऱ्याचे कान आधी लाल होतात,
तोंड मागाहून.
मग एका डिसेंबरात सीमाच उठली.
आडवा दांडा कुणी चुलीत घातला असेल,
पण सवय काय अशी उठते?

वही चाळली.
जानेवारी : मेणबत्त्या, वीस युरो.
फेब्रुवारी : मेणबत्त्या, वीस. पुन्हा वीस.
मार्चमध्ये, दिवस मोठा होत चाललेला, तर चाळीस.
आमच्याकडे रविवारी जमतात अकरा जण.
वेदीवर दोन मेणबत्त्या, त्याही
शेवटचं आमेन हवेत असतानाच आर्वेद विझवतो,
बुडखे जपून ठेवतो बिस्किटांच्या डब्यात.
वहीतल्या मेणाने तर पार्नूची अख्खी खाडी
उजळून निघाली असती.

आर्वेद म्हणाला, चोरी.
मी म्हटलं, थांब जरा.

नोव्हेंबरात तो आला. नाव काल्यो.
बहीण वाल्गाला. शेवटच्या घटका मोजतेय.
तिकिटाला वीस युरो कमी पडतायत.
मग इकडेतिकडे बघत, "हेल्वे कुठाय?"
गेली, म्हटलं. सप्टेंबरात.
त्याने टोपी काढली.
कान लालभडक.
पण बाहेर उणे अकरा होतं,
काही कळायला मार्ग नव्हता.

"गेल्या वर्षीही बहीणच मरत होती ना?"
"हो," तो म्हणाला. "चिवट आहे."

लोक ताकाला जातात आणि भांडं लपवतात.
ह्याने भांडं सरळ टेबलावर ठेवलं
आणि सांगितलं, बहिणीचं आहे.

हेल्वे एकदा म्हणाली होती, बटाटे सोलता सोलता,
कशावरून विषय निघाला आता आठवत नाही :
पाच हजार माणसं गवतावर बसली होती ना,
त्यातली दोनेकशे तरी घरून जेवून आलेली असणार.
कुणी त्यांच्या तोंडाचा वास घेतला नाही.
आणि टोपल्या तर बारा उरल्या.
तेव्हा मी नुसतं हं म्हटलं. तिची सालं फार जाड निघायची.

मी हुशार. रोख दिली नाही.
त्याला घेऊन स्टँडवर गेले,
वाल्गाचं तिकीट काढलं, एकेरी, हातात ठेवलं,
देव बरोबर असो म्हटलं,
आणि घरी जायचं सोडून
एका खांबामागे उभी राहिले,
परत करतो की काय बघत,
बावीस वर्षांचा नाका डोळ्यांत घेऊन.

तो चढला. खिडकीपाशी बसला. मला पाहिलं.
खांब माझ्यापेक्षा बारीक होता.
हात वर केला त्याने, हातमोज्यातला, उजवा.
तांबडी-पांढरी वीण वाटली, हेल्वेच्या हातची.
काचेवर हिम होतं.
आणि ती वीण इथे निम्म्या बायका विणतात.

बस गेली.
पुढच्याच थांब्यावर उतरला असेल.
नसेलही.
वाल्गाला एखादी चिवट म्हातारी
दाराकडे डोळे लावून बसलीही असेल,
मी कोण तिला नाही म्हणणारी.
पायांना मुंग्या येईपर्यंत तिथेच होते.
हेल्वे कधी स्टँडवर आली नसणार.

रात्री वही उघडली.
तारीख घातली. वीस युरो लिहिले.
कारणाच्या रकान्यापाशी अडले.
रविवारी आर्वेद चष्मा पुसून बघेल,
आणि दारावर कडी बसवायचा ठराव मांडेल.
'मे' लिहिला.
तेवढ्यात माझेच कान तापले,
दोन्ही,
आणि शेगडी तर मी अजून
पेटवलीही नव्हती.